पडदे नंतर बघा, आधी गाडीखाली वाका

मालवण तालुक्यातल्या आचऱ्याहून एका ताईंचं पत्र आलंय, मोठं आहे म्हणून थोडक्यात देतोय.

"दादा, आमचे हे एसटीतून ड्रायव्हर म्हणून रिटायर झाले. जन्मभर लोकांना पोचवलं, आता आपल्या गाडीने आपल्याला पाहिजे तिथे थांबत फिरायचं म्हणतात. नरसोबाची वाडी, पंढरपूर, गोकर्ण, नाशिकला मुलीकडे. माझे गुडघे दुखतात आणि लॉजच्या संडासांना मी कंटाळले, म्हणून आत झोपायची आणि संडासची सोय असलेली गाडी घ्यायचं ठरवलंय, कॅम्परव्हॅन म्हणतात ती. फंडाचे पैसे आहेत. दोन गाड्या बघितल्या. एक ठाण्याच्या बाजूला आहे, डिलिव्हरी व्हॅन घेऊन आतून नवीन बनवलीय, चकाचक, टच पॅनल, निळे दिवे, वर एसी, सोळा लाख सांगतात. दुसरी कोल्हापूरला, २०१८ ची ट्रॅव्हलर मिनीबस, एका गृहस्थांनी स्वतःसाठी बनवून घेतलेली, साधी आहे, मायका फिकटलाय, अकरा लाख म्हणतात. मुलगा म्हणतो पहिलीच घ्या. ह्यांना दुसरी आवडलीय पण मुलापुढे बोलत नाहीत. पहिल्यावाला म्हणतो गणपतीच्या आधी पन्नास हजार टोकन टाका नाहीतर गिऱ्हाईक तयार आहे. मजबूत कुठली ते आम्ही ओळखायचं कसं?" सोबत दोन्ही गाड्यांचे आणि आरसीचे फोटो आहेत.

ताई, टोकन टाकू नका. दुसरं गिऱ्हाईक खरंच असेल तर त्याला घेऊ दे, गाड्या काय संपत नाहीत. फंडाचा पैसा परत येत नसतो, त्यामुळे घाई करणाऱ्याच्या तोंडाकडे न बघता आपण आपल्या वेळेने बघायचं.

आता मजबुतीचं. मी बॉडीचं काम करणारा माणूस, गाडीचा पत्रा उघडला की आत काय निघतं ते रोज बघतो, म्हणून ठामपणे सांगतो की अशा गाडीत जे डोळ्यांना दिसतं त्याच्यावरून काहीच कळत नाही. पडदे, निळे दिवे, गादीचं कव्हर हे सगळं आठवड्यात बदलून मिळतं. न दिसणाऱ्या जागा महत्त्वाच्या, म्हणजे खालचा पत्रा, छपराचे सांधे, मायकाच्या मागचा प्लाय, वायरी. आणि आपल्याकडे तर समुद्र आहे. घाटावर दहा वर्षं टिकेल ती गाडी आचऱ्यात खाडीच्या वाऱ्यावर उभी राहून चार-पाच वर्षांत सडू शकते, कारण मीठ नुसतं लाटेतून येत नाही, वाऱ्यातून येतं, दमट हवेत पत्र्याच्या घडीत जाऊन बसतं आणि तिथे कायम ओल धरून ठेवतं. म्हणून तुम्ही "चांगली गाडी कुठली" असं न विचारता "आमच्या दारात उभी राहून टिकेल आणि बिघडली तर कणकवली-कुडाळात दुरुस्त होईल अशी कुठली" असं विचारा.

सुरुवात कागदाने करू कारण तिथेच पहिल्या गाडीचं बरंचसं उत्तर मिळतंय. तुम्ही पाठवलेल्या आरसीच्या फोटोत तिचा प्रकार मालवाहू, बॉडी डिलिव्हरी व्हॅन असाच आहे. म्हणजे आत पलंग, संडास, एसी सगळं झालं पण आरटीओच्या दफ्तरी ती अजून माल वाहणारी गाडी आहे. मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२, गाडीत बदल करण्याबद्दलचं, यालाच लागू होतं, आणि जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानेही सांगितलंय की कंपनीने ठरवून दिलेल्या मूळ स्पेसिफिकेशनच्या विरुद्ध जाईल असा बदल गाडीत करता येणार नाही. राहण्याच्या गाड्यांसाठी एआयएस-१२४ नावाचं वेगळं स्टँडर्ड आहे, त्याप्रमाणे मंजुरी घेऊन बनवलेल्या गाडीच्या आरसीवर मोटर कॅराव्हॅन किंवा कॅम्पर व्हॅन असं लिहून येतं. कोल्हापूरच्या गाडीच्या आरसीवर तसं लिहिलेलं मला दिसतंय, ही मोठी जमेची बाजू. पहिलावाला म्हणेल "मागाहून करून देतो, आपली ओळख आहे", तर त्याला म्हणा आधी करून आणा, मग बोलू. मालवाहू गाडीत मागे माणूस झोपलेला असताना काही झालं तर इन्शुरन्सचा सर्व्हेअर पहिल्यांदा आरसी मागतो आणि तिथेच क्लेम अडकतो. हे मी घाबरवायला सांगत नाहीये, तुमच्या ह्यांनी इतकी वर्षं प्रवाशांची जबाबदारी घेतलीय, त्यांना हे लगेच पटेल.

डिलिव्हरी व्हॅनचं अजून एक, आणि हे आपल्या किनाऱ्यावर फार महत्त्वाचं. ती आधी काय वाहत होती? मिरकरवाडा, हर्णे, मालवण, कुठल्याही बंदरावर सकाळी उभे राहा, मासळीच्या टेंपोच्या मागच्या दारातून बर्फाचं खारट पाणी टपटप गळत असतं. ते पाणी फ्लोअरच्या पत्र्यातून, चेसिसच्या आडव्या क्रॉसमेंबरवरून, पाट्यांच्या म्हणजे चाकांवरच्या पट्ट्यांच्या स्प्रिंगच्या पिनांवरून रोज वाहतं. अशी गाडी दोन-तीन वर्षं मासळीवर चालली की वरून कितीही रंग मारा, आतून गेलेली असते. मग कोणीतरी ती स्वस्तात उचलतो, फ्लोअरवर प्लाय टाकतो, वर लाकडी डिझाइनचं व्हिनाइल चिकटवतो, खालून काळं कोटिंग जाड मारतो आणि कॅम्परव्हॅन म्हणून विकतो. तुमची गाडी तशीच आहे असं माझं म्हणणं नाही, पण पहिल्या मालकाचं नाव, तो कसला धंदा करायचा, जुन्या फिटनेसचे कागद हे मागितल्याशिवाय पुढे जायचं नाही. द्यायला टाळाटाळ झाली तर विषय तिथेच बंद करा.

आता गाडी प्रत्यक्ष कशी बघायची ते सांगतो. बाजारात सुरमई घेताना तुम्ही वरची चमक बघून घेत नाही, कल्ला उघडून आत लाल आहे का ते बघता, इथेही तेच करायचं. गाडी रॅम्पवर किंवा पिटवर घ्यायला लावायची, गॅरेजवाल्याला दोन-तीनशे रुपये द्या, तो घेईल. टॉर्च आणि लहान हातोडी घेऊन ह्यांना खाली पाठवा. चेसिसवर, पाटे जिथे बसतात त्या ब्रॅकेटवर, चाकाच्या कमानीच्या आतून, सरकत्या दाराच्या खालच्या पट्टीवर हळूच ठोकत जायचं. चांगला पत्रा खणखणीत वाजतो, सडलेला बद्द आवाज देतो, आणि कोटिंगच्या मागे गंज असेल तर पापुद्रा सुटतो. वरवरचा तांबूस गंज सगळ्याच गाड्यांना असतो, त्याला घाबरू नका, घासून प्रायमर मारला की थांबतो. पाट्याच्या ब्रॅकेटजवळ पत्रा पापुद्रे सुटून पातळ झाला असेल, नाहीतर स्क्रूड्रायव्हरचं टोक आत जात असेल तर मात्र ती गाडी फुकट दिली तरी घेऊ नका, कारण तिथेच सगळं वजन येतं आणि घाटात वळणावर तिथेच तुटतं. खालून नुकतंच काळंभोर जाड कोटिंग मारलेलं दिसलं तर खुश होऊ नका, उलट विचारा कधी मारलं आणि का मारलं. चांगल्या माणसाने मारायच्या आधीचे फोटो काढून ठेवलेले असतात. आणि त्या कोटिंगने दाराच्या खालची पाणी जायची भोकं बुजवलेली असतील तर पाणी आत साचून पत्रा आतूनच खाल्ला जातो, तेवढं बोट फिरवून बघा.

कोल्हापूरच्या गाडीबद्दल एक गोष्ट तपासल्याशिवाय हो म्हणू नका, ती म्हणजे पूर. गाडी २०१८ ची आहे आणि ऑगस्ट २०१९ ला पंचगंगेचा पूर आला, जुलै २०२१ ला परत आला, त्याच वेळी आपल्या चिपळुणात २२ जुलैला बाजारपेठ पाण्याखाली गेली. त्या पाण्यात बुडालेल्या कितीतरी गाड्या धुऊन पुसून बाजारात फिरल्या. ओळखायचं सोपं आहे. ड्रायव्हर सीटचा बेल्ट पूर्ण, अगदी शेवटपर्यंत बाहेर ओढा, रोजच्या वापरात जो भाग कधी बाहेर येत नाही तिथे चिखलाची रेघ किंवा मातकट डाग असला तर गाडी बुडालेली आहे. सीट जिथे बोल्टने बसवलीय ते बोल्ट बघा, डॅशबोर्डच्या खाली हात घालून वायरींच्या कनेक्टरवर हिरवट पूड धरलीय का बघा, डिक्कीतल्या टूलकिटच्या खोबणीत वाळू आहे का बघा. शिवाय जुन्या इन्शुरन्स पॉलिसी मागा. नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न घेतल्याची सूट, दरवर्षी चढत गेलेला असेल तर बरं, मध्येच शून्यावर आला असेल तर त्या वर्षी काय झालं ते स्पष्ट विचारा. गृहस्थ सरळ असतील तर सांगतील, तुमच्या पत्रावरून तरी सरळ वाटतात.

पुढचं पाणी पावसाचं. घरावर कौलातून गळलं तर दिसतं, गाडीत गळलेलं दिसत नाही, ते छपराच्या सांध्यातून आत जाऊन इन्सुलेशनमध्ये मुरतं आणि दोन वर्षांनी मायका फुगतो तेव्हा कळतं, तोपर्यंत आतला प्लाय भुगा झालेला असतो. छपरात जेवढी भोकं तेवढ्या गळायच्या जागा, म्हणजे एसीसाठी कापलेला चौकोन, पंख्याचं झाकण, सोलरचे स्क्रू, मागच्या कॅमेऱ्याची वायर. शिडी मागवून घेऊन वर चढायला ह्यांना सांगा आणि प्रत्येक भोकाभोवती काय लावलंय ते बघायला सांगा. साधा सिलिकॉन लावला असेल, बाथरूमच्या टाइल्सला लावतात तो, तर उन्हाने आणि गाडीच्या हलण्याने तो पत्र्यापासून सुटतो, नखाने कडा उचलली तर पट्टीच्या पट्टी निघून येते. गाडीला पॉलियुरेथेन सीलंट लागतो, तो पत्र्याला धरून राहतो आणि लवतोही. हे काम दोन-चार हजाराचं आहे पण बनवणाऱ्याने कंटाळा केलाय की मन लावून केलंय ते तिथे लगेच कळतं, आणि छपरावर ज्याने कंटाळा केला त्याने आत पॅनलच्या मागे काय केलं असेल याचा अंदाज येतो.

गळती बघायला सगळ्यात चांगली वेळ हीच, श्रावण. गाडी पावसात रात्रभर उभी होती का विचारा आणि सकाळी कोणी दार उघडायच्या आधी जा. बंद गाडीचं दार उघडल्यावर पहिला जो वास येतो तो खरा, कुबट आला तर कुठेतरी ओल आहेच. आत अगरबत्ती किंवा परफ्यूमचा भपकारा असेल तर दारं-खिडक्या लावून तासभर बसू दे आणि परत हुंगा. मग वॉशिंग सेंटरवर नेऊन छपरावर, खिडक्यांच्या कडांवर पंधरा-वीस मिनिटं पाणी मारायला लावा, तुम्ही आत बसा, दिवे बंद, हातात टॉर्च. खिडकीच्या खालच्या दोन कोपऱ्यांत, पलंगाच्या खाली जिथे भिंत फ्लोअरला मिळते तिथे, आणि संडासच्या ट्रेभोवती अंगठ्याने दाबत जा. घट्ट लागलं पाहिजे. अंगठा जरासा जरी आत गेला, मायका पोकळ वाजला, तर तिथे प्लाय गेलाय. माझ्याकडे एक गाडी आली होती, तक्रार फक्त दार लागत नाही एवढीच, बघितलं तर शॉवरच्या ट्रेचा सांधा गळून गळून फ्लोअरच बसलं होतं आणि दाराची चौकट वाकडी झाली होती. मालकाने घेतानाच ट्रेच्या कडेला दाबून बघितलं असतं तर कळलं असतं.

लाकूड कुठलं वापरलंय ते विचारा. मरीन प्लायवर आयएस ७१० असा शिक्का असतो, कपाटाच्या आतल्या, न रंगवलेल्या बाजूला कुठेतरी दिसायला पाहिजे. एमडीएफ असेल तर आपल्या हवेत नको, कापलेल्या कडेने ओल पिऊन तो फुगतो आणि स्क्रू धरत नाही. चकाचक गाड्यांमध्ये एमडीएफ खूप असतो कारण त्याच्यावर फिनिश सुंदर येतं. ओळखायला बिजागरीचा एक स्क्रू काढून बघा, आतून थर दिसले तर प्लाय, भुसा दाबल्यासारखा दिसला तर एमडीएफ. खिशात एक लोहचुंबक ठेवा. बाहेरच्या बाजूचे स्क्रू, बिजागऱ्या, खिडकीचे बोल्ट यांना लावून बघा, गच्च चिकटला तर साधं लोखंड आहे, किनाऱ्यावर एका पावसात गंजाचे ओघळ येणार. स्टेनलेसमध्येही ३०४ आणि ३१६ असा फरक असतो, ३१६ मध्ये मॉलिब्डेनम असल्यामुळे खाऱ्या हवेत तो जास्त तग धरतो, पण लोहचुंबकाने हे दोन वेगळे कळत नाहीत, त्यासाठी बिल बघावं लागतं. सगळीकडे ३१६ पाहिजे असा हट्ट नको, छपरावरच्या आणि खालच्या बोल्टना असला तर उत्तम. अ‍ॅल्युमिनियमच्या फ्रेमला लोखंडी बोल्ट थेट मारलेला असेल तर मात्र दोन धातूंच्या मध्ये खारं पाणी आलं की अ‍ॅल्युमिनियम झपाट्याने खाल्लं जातं, बोल्टभोवती पांढरी पूड दिसते. मध्ये नायलॉनचा वॉशर घातलेला दिसला तर बनवणाऱ्याला काम कळतं असं समजा.

वायरिंगवर मी जरा जास्त बोलणार आहे कारण गाडीत आग लागते ती इथूनच. एसीचा हिशोब साधा आहे. एक टनाचा साधा एसी हजार-बाराशे वॉट घेतो. १२ व्होल्टची २०० अँपिअर-अवरची लिथियम बॅटरी म्हणजे अडीच युनिट वीज, सगळी वापरली तरी दोन तास, त्यात इन्व्हर्टरचं नुकसान धरा. लेड-अ‍ॅसिड असेल तर निम्मीच वापरायची असते, म्हणजे तास. त्यामुळे "रात्रभर एसी चालतो" असं कोणी म्हणालं तर कशावर चालतो ते दाखव म्हणावं, बाहेरून वीज जोडून चालत असेल, बॅटरीवर नाही. आणि इन्व्हर्टरवर दोन हजार वॉटचा लोड घेतला तर बॅटरीच्या वायरीतून दीडशेहून जास्त अँपिअर जातात. तिथे घरातली इस्त्रीची वायर वापरली असेल तर ती तापते, कव्हर वितळतं. बॅटरीच्या अगदी जवळ मोठा फ्यूज आहे का, वायर अंगठ्याएवढी जाड आहे का, टोकाला लग, म्हणजे धातूचं टोक, दाबून बसवलाय की वायर नुसती गुंडाळलीय, पत्र्यातून वायर जाते तिथे रबराचा ग्रोमेट म्हणजे कडी आहे का, एवढं बघितलं तरी पुष्कळ. बाहेरच्या लाइनला आरसीसीबी, म्हणजे लिकेज झालं की वीज तोडणारा स्विच, पाहिजेच, गाडी म्हणजे लोखंडी डबा आणि खाली ओली जमीन, कुठे जरा जरी लिकेज झालं तर दाराला हात लावणाऱ्याला शॉक बसेल.

आणि ते टच पॅनल, ज्याच्यावर मुलाचा जीव आहे. दिवा, पाण्याचा पंप, पंखा, सगळं त्या एका पॅनलवरून चालतं. ते पंढरपुरात आषाढीच्या गर्दीत बंद पडलं तर ना पाणी ना दिवा, आणि तिथला कुठलाही वायरमन त्याला हात लावणार नाही. कोल्हापूरच्या गाडीला साधे बटणाचे स्विच आहेत, फोटोत दिसतायत, खाली प्रत्येकाला फ्यूज आणि पट्टीवर पेनाने नावं लिहिलीयत. ताई, मला त्या गाडीत सगळ्यात जास्त आवडलं असेल तर हे. ज्या माणसाने स्वतःच्या हाताने फ्यूजवर "पंप", "संडास लाइट" असं लिहून ठेवलंय त्याने बनवून घेताना समोर उभं राहून बनवून घेतलंय.

गाडी कुठलीही असो, एक परीक्षा घ्या. विकणाऱ्याला म्हणा, पाण्याचा पंप काढून दाखवा. कपाट न तोडता, चार स्क्रू काढून पाच-दहा मिनिटांत पंप हातात आला तर ती गाडी दुरुस्त होणारी आहे. पंपापर्यंत पोचायला पलंग उचकटावा लागत असेल तर पुढे प्रत्येक बारीक बिघाडाला सुतार आणि मेकॅनिक दोघांचे पैसे द्यावे लागणार. सोबत वायरिंगचा कागद आणि पॅनल बसवायच्या आधीचे आतले फोटो मागा.

वजन. हा विषय तुमच्या मिस्टरांचा, पण सांगून ठेवतो. आरसीवर अनलेडन म्हणजे रिकाम्या गाडीचं आणि ग्रॉस म्हणजे भरून जास्तीत जास्त चालणारं अशी दोन वजनं असतात, मधला फरक म्हणजे माणसं, पाणी, सामान सगळं मिळून. आठ बाय चारचा १८ एमएमचा एक मरीन प्लाय पस्तीस-छत्तीस किलो भरतो, गाडीत असे दहा लागले तर साडेतीनशे किलो तिथेच गेले. शंभर लिटर पाणी शंभर किलो. मोठ्या ट्यूब्युलर बॅटऱ्या एकेक साठ किलोच्या घरात. हे सगळं एका बाजूला आलं तर गाडी एका अंगाला झुकते, वळणाला जाणवतं. सौदा करण्याआधी टाकी पूर्ण भरून वजनकाट्यावर घाला, आधी पूर्ण गाडी, मग फक्त पुढची चाकं, मग फक्त मागची, पावत्या घ्या.

टायर बघताना नक्षी बघू नका, अशा गाड्या उभ्याच जास्त असतात, नक्षी कोरी राहते आणि रबर कडक होतं. टायरच्या बाजूला डीओटी अक्षरांनी सुरू होणाऱ्या नंबराच्या शेवटी चार आकडे असतात, २३१९ असेल तर २०१९ सालचा तेविसावा आठवडा. सहा-सात वर्षं झालेली असतील तर सगळे टायर किंमतीतून वजा करा. ब्रेक ऑइलही तसंच, ते हवेतली ओल ओढून घेतं, दोन वर्षांनी बदलायचं असतं, उभ्या गाडीत कोणी बदलत नाही.

मग गाडी चालवून बघायची, पण कोल्हापुरात सपाटीवर नाही. पाणी भरून, चार माणसं बसवून फोंडा घाट उतरून कणकवलीला आणायला सांगा, पेट्रोल पंपापासून जेवणापर्यंत खर्च तुम्ही करा, तेवढा वसूल आहे. उतरताना दुसऱ्या-तिसऱ्या गियरवर इंजिनने गाडी धरते का, ब्रेकचा जळका वास येतो का, स्टिअरिंग एका बाजूला ओढतं का हे ह्यांना मी काय सांगणार, ते नुसत्या आवाजावरून सांगतील. तुम्ही मागे बसा आणि ऐका. वळणावर ड्रॉवर उघडून बाहेर येतात का, कपाटाचं दार आपटतं का, भांडी वाजणं वेगळं आणि पॅनल एकमेकांवर घासून करकरणं वेगळं. करकर येत असेल तर सांधे फक्त स्क्रूवर आहेत, गोंद नाही, आणि ते दिवसेंदिवस सैल होत जाणार.

गॅसचं विचारलं नाहीत तरी सांगतो. घरचा सिलिंडर गाडीत ठेवायचा नाही. एलपीजी हवेपेक्षा जड, गळला की खाली फ्लोअरवर साचतो, वर खिडकी उघडी असून उपयोग नाही. गाडीत गॅस असेल तर तो बंद कप्प्यात, आणि त्या कप्प्याच्या तळाला थेट बाहेर उघडणारं भोक पाहिजे. चहा-खिचडीपुरतं इंडक्शन पुरेल. बांगडे तळायचे ते बाहेर, सावलीत, नाहीतर गादीचा वास महिनाभर जाणार नाही.

ट्रॅव्हलरचा अजून एक फायदा म्हणजे अँब्युलन्स म्हणून, शाळेची गाडी म्हणून, टुरिस्ट म्हणून ती सगळीकडे आहे, त्यामुळे क्लच प्लेट हवी झाली तर कणकवलीत मिळते, गोकर्णच्या वाटेवर कारवारातही मिळेल, आणि तिला हात लावलेला मेकॅनिक प्रत्येक तालुक्यात आहे. म्हातारपणी फिरायला निघालेल्या दोन माणसांसाठी मला याच्यापुढे एसी, टीव्ही सगळं दुय्यम वाटतं. बंद पडल्यावर संध्याकाळपर्यंत परत चालू होणारी गाडी पाहिजे.

तर माझं मत स्पष्ट सांगतो. पहिली सोडा, कागदासाठीच सोडा, बाकीचं बघायचीही गरज नाही. दुसरी बघा, पण पुराची खूण, पाट्याच्या ब्रॅकेटचा गंज आणि फ्लोअरची ओल यातलं एक जरी निघालं तर तीही सोडा. तिन्हीत पास झाली तर टायर, बॅटरी, छपराचं सीलिंग नव्याने, बेल्ट-होज आणि एक चांगली सर्व्हिस यासाठी लाख-दीड लाख बाजूला ठेवून मगच किंमत बोला, अकरा ही त्यांची मागणी आहे, शेवटचा आकडा नव्हे. मायका फिकटलाय तो फिकटू दे.

मुलाला दुखवू नका. त्याला तुमची काळजी आहे म्हणूनच तो नवी दिसणारी घ्या म्हणतोय. त्याला वॉशिंग सेंटरवर सोबत न्या, टॉर्च त्याच्या हातात द्या, बेल्ट त्याला ओढायला लावा, आणि वडिलांना त्याच्यासमोर विचारा की तुम्हाला कुठली चालवायला आवडेल. इतकी वर्षं घाटात गाडी हाकलेल्या माणसाने या एका बाबतीत गप्प बसू नये असं मला मनापासून वाटतं.

घरी आणल्यावर माडाखाली उभी करू नका, नारळ पडला तर छपराला खड्डा आणि सोलरचा चुरा. मांगराच्या बाजूला पत्र्याची उघडी शेड करा, चारी बाजूंनी वारा खेळला पाहिजे, प्लॅस्टिकचं कव्हर घट्ट बांधलं तर आत घाम धरतो आणि गंज दुप्पट. पंधरा दिवसांनी खालून गोड्या पाण्याने धुवा, तरीतून किंवा जेट्टीवरून आलात तर त्याच दिवशी, आणि वाळूत, पुळणीवर गाडी कधीच उतरवू नका. पावसात उंदीर आत येतात आणि वायरी कुरतडतात, खालची सगळी भोकं बारीक स्टीलच्या जाळीने बंद करा. महिन्यातून एकदा गाडी चांगली तासभर चालवून आणा, नुसतं दारात स्टार्ट करून बंद करण्याने फायदा नाही.

काट्याच्या तिन्ही पावत्या आणि आरसीच्या दोन्ही बाजूंचे स्पष्ट फोटो मिळाले की पाठवा, मागच्या एक्सलवर किती वजनाची जागा उरते आणि पाण्याची टाकी पुढे सरकवावी लागेल का ते बघून कळवतो.